वर्गणी भरायची नाही, करार मात्र पाहिजे: अमेरिकेतल्या 'राइट टू वर्क'बद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मिशिगन राज्याने राइट टू वर्क कायदा रद्द केल्याची छोटी चौकट आली होती. त्यावर एवढे मेल येतील असं वाटलं नव्हतं, चाकणपासून डेट्रॉइटपर्यंत सगळीकडून आलेत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत कारण बऱ्याच जणांनी कंपनीबद्दल मोकळेपणाने लिहिलंय.

नमस्कार. मी पिंपरीच्या एका कारखान्यातून रिटायर झालोय, मुलगी-जावई डॅलसला असतात. जावई म्हणतात टेक्सासमध्ये राइट टू वर्क आहे त्यामुळे कंपनी कधीही कुणालाही काढू शकते. मला तर नावावरून उलटंच वाटलं, की सरकार कामाची हमी देतं, आपल्या रोजगार हमीसारखं. नक्की काय आहे?

काका, दोन्ही नाही. आपल्या रोजगार हमीत हाताला काम मागायचा हक्क आहे, १९७७ चा कायदाच आहे तसा. टेक्सासच्या कायद्याने कुणाला एक दिवसाचंही काम मिळत नाही. आणि जावई म्हणतात ते कधीही काढून टाकणं वेगळ्या नियमातून येतं, त्याला तिकडे ॲट-विल म्हणतात. मोंटाना सोडलं तर सगळ्या राज्यांत साधारण तेच चालतं, राइट टू वर्क असो नसो. अमेरिकेत राहणारे आपले लोकही या दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतात.

राइट टू वर्कचा संबंध फक्त युनियनच्या वर्गणीशी आहे. १९३५ च्या वॅग्नर कायद्यानुसार एखाद्या कारखान्यातल्या बहुमताने युनियन निवडली की ती युनियन त्या गटातल्या सगळ्यांच्या वतीने बोलते, ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांच्याही वतीने. मग युनियन आणि कंपनी करारात एक कलम घालायचे, की इथे काम करणाऱ्या प्रत्येकाने युनियनला वर्गणी नाहीतर निदान प्रतिनिधित्वाचा खर्च द्यायचा. १९४७ मध्ये टाफ्ट-हार्टली कायदा आला, प्रेसिडेंट ट्रूमनने नकाराधिकार वापरला होता तो डावलून संसदेने पास केला, आणि त्याच्या १४(ब) कलमाने राज्यांना मोकळीक दिली की तुम्हाला वाटलं तर असं कलम तुमच्या राज्यात बंद करा. ज्यांनी बंद केलं ती राइट टू वर्क राज्यं, आज अशी २६ आहेत.

म्हणजे युनियनवर बंदी नाही, करारावर बंदी नाही, संपावर बंदी नाही, बंदी फक्त सक्तीच्या वर्गणीवर. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीत मेंटेनन्स ऐच्छिक केला पण लिफ्ट, पाणी, वॉचमन सगळ्यांना तसंच द्यायचं अशी सक्ती ठेवली तर सहा महिन्यांनी सेक्रेटरीची काय अवस्था होईल, तेवढं डोळ्यासमोर आणा.

जावई आयटीत आहेत. त्यांच्या पगारावर याचा काही परिणाम? (हा त्याच मेलमधला दुसरा प्रश्न)

थेट असा जवळपास नाही. अमेरिकेतल्या आयटीत युनियन फारशी नाहीच, मग वर्गणीचा प्रश्न येतोच कुठे. २०२४ च्या सरकारी आकड्यांनुसार देशभरात नोकरदारांपैकी ९.९ टक्के युनियनचे सभासद होते, खाजगी क्षेत्रात तर ५.९ टक्केच.

माझा भाऊ टेक्सासमध्येच एका विमान कंपनीत मेकॅनिक आहे. त्याला मात्र युनियनला पैसे द्यावे लागतात, तेही सक्तीने. मग हा राइट टू वर्क कसला? कंपनी फसवतेय का?

नाही, फसवत नाहीये. विमान आणि रेल्वे कंपन्या वेगळ्या कायद्याखाली येतात, रेल्वे लेबर ॲक्ट, आणि त्यात १९५१ पासून अशी सोय आहे की राज्याचा कायदा काहीही म्हणो, करारात सक्तीच्या वर्गणीचं कलम घालता येतं. त्यामुळे एकाच गावात कार कारखान्यातल्या फिटरला वर्गणी ऐच्छिक आणि विमानतळावरच्या मेकॅनिकला सक्तीची. भावाला सांगा, त्याला सभासद व्हायचं नसेल तर राजकीय प्रचारावर होणाऱ्या खर्चातला वाटा न देता फक्त करार-वाटाघाटीचा खर्च द्यायची मुभा मागता येते, त्यासाठी युनियनला लेखी कळवावं लागतं.

मी नागपूरला एलएलबी करतेय. मला यात कामगारविरोधी काय आहे तेच कळत नाही. संघटना करायचं स्वातंत्र्य म्हणजे न करायचंही स्वातंत्र्य असलंच पाहिजे ना? आणि युनियनला फुकट्या लोकांचा एवढा त्रास होत असेल तर तिने फक्त सभासदांपुरता करार करावा. प्रश्नच मिटला.

तुझा पहिला मुद्दा खरंच वजनदार आहे, तो मी उडवून लावणार नाही. पोटासाठी नोकरी करायची आणि न पटणाऱ्या संघटनेला दर महिन्याला पैसे द्यायचे, ही सक्ती कुणालाही खटकेल. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये जॅनस खटल्यात सरकारी नोकरांच्या बाबतीत नेमकं हेच मान्य केलं. १९७७ च्या अबूड खटल्याने प्रतिनिधित्वाचा खर्च घ्यायला परवानगी दिली होती ती काढून घेतली, कारण सरकारशी पगाराची बोलणी करणं हेच मुळात राजकीय बोलणं आहे आणि त्यासाठी कुणाच्या खिशातून जबरदस्तीने पैसे काढता येणार नाहीत. तेव्हापासून देशभरातल्या सरकारी नोकऱ्यांत वर्गणी ऐच्छिक आहे, शिक्षक असो की फायर ब्रिगेडवाला, मग राज्य कुठलंही असो.

दुसरा मुद्दा मात्र ऐकायला जेवढा सोपा आहे तेवढा नाही. युनियन एकमेव प्रतिनिधी झाली की सगळ्यांना सारखं वागवायचं कायदेशीर बंधन तिच्यावर येतं, आणि हे बंधन आलं कसं ते बघण्यासारखं आहे. दक्षिणेतल्या एका रेल्वेत इंजिनावर फायरमनचं काम करणारे काळे कामगार होते, त्यांना युनियन सभासद करून घेत नव्हती आणि वर त्यांच्याच नोकऱ्या घालवणारा करार तिने कंपनीशी केला. १९४४ च्या स्टील खटल्यात (स्टील हे त्यातल्याच एका फायरमनचं आडनाव) सुप्रीम कोर्ट म्हणालं की सगळ्यांच्या वतीने बोलायचा हक्क कायद्याने घेतलाय तर सगळ्यांचं हित बघावंच लागेल, सभासद असो नसो. नियम चांगला, हेतू चांगला, आणि आज त्याच नियमामुळे वर्गणी न भरणाऱ्याचीही केस युनियनला लढवावी लागते.

म्हणजे प्रत्यक्षात कसं, तर समज टेनेसीतल्या एका कारखान्यात लाइनवरच्या माणसाला सुपरवायझरने कामावरून काढलं. त्याने आयुष्यात एक डॉलर युनियनला दिलेला नाही, उलट कँटीनमध्ये युनियनवाल्यांची टिंगल करणाऱ्यांत तो पुढे. तरी त्याने तक्रार दिली तर स्टुअर्डला, म्हणजे युनियनच्या कारखान्यातल्या प्रतिनिधीला, ती घ्यावी लागते, कागद गोळा करावे लागतात, आणि ती लवादापर्यंत गेली तर लवादाच्या फीचा युनियनच्या वाट्याचा भाग आणि वकील हे सगळं मिळून हजारो डॉलर, ते बाकीच्यांच्या वर्गणीतून. फक्त सभासद नाही म्हणून केस सोडली तर तोच माणूस युनियनवर दावा ठोकू शकतो.

फक्त सभासदांपुरता करार करायला बंदी नाहीये, पण अल्पमतातल्या युनियनशी बोलायची सक्ती कंपनीवर नाही, मग कंपनी कशाला बोलेल. आणि खरं सांगायचं तर मोठ्या युनियनांनाही एकमेव प्रतिनिधीचं पद सोडायचं नसतं, त्यातच त्यांची ताकद आहे. या बाबतीत त्या अगदी धुतल्या तांदळासारख्या नाहीत.

आपल्याकडे एकमेव प्रतिनिधीचा उलटा अनुभव आहे तोही अभ्यासाला घे. मुंबईच्या गिरण्यांत १९४६ च्या बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघ हाच प्रतिनिधी, आणि १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या घरात कामगार गेले दत्ता सामंतांच्या मागे. कायद्याच्या कागदावर बोलायचा हक्क एकाला, माणसं दुसऱ्याबरोबर. तो कायदा रद्द करा ही त्या संपातली एक मागणीच होती.

हा कायदा मुळात आणला कुणी? कंपन्यांनीच ना?

पैसा बराचसा उद्योगांचा होता, पण सुरुवातीची गोष्ट त्याहून काळी आहे. टेक्सासमधला व्हान्स म्यूज नावाचा माणूस आणि त्याची ख्रिश्चन अमेरिकन असोसिएशन यांनी १९४० च्या दशकात दक्षिणेत ही मोहीम चालवली. १९४४ मध्ये आर्कान्सा आणि फ्लोरिडा यांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली ती पहिली. युनियन आली की गोऱ्यांना काळ्यांच्या बरोबरीने बसावं लागेल ही भीती त्या प्रचारात उघड वापरली गेली. मार्टिन ल्यूथर किंगनी १९६१ मध्ये या घोषणेला खोटी घोषणा म्हटलं होतं ते या पार्श्वभूमीवर. पण आज या कायद्याला पाठिंबा देणारा प्रत्येक जण त्याच विचाराचा आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल, वरच्या नागपूरच्या मुलीचा प्रश्न प्रामाणिक आहेच की.

मी पुण्यात अर्थशास्त्र शिकवतो. 'राइट टू वर्क राज्यांत पगार कमी' एवढं वाक्य टाकून लोक मोकळे होतात. पण मिसिसिपीत घरं स्वस्त, न्यूयॉर्कमध्ये महाग. ही राज्यं आधीपासूनच गरीब होती. कायद्यामुळे किती आणि बाकीच्यामुळे किती, हे वेगळं करून सांगता येतं का?

सर, अर्धवटच सांगता येतं, पण पूर्वीपेक्षा बरंच बरं.

आधी सभासदसंख्या, कारण तिथे वाद कमी आहे. नुसती राज्यं शेजारी ठेवून बघितली तर फरक डोळ्यात भरतो, २०२४ मध्ये हवाईत २६.५ टक्के कामगार सभासद आणि नॉर्थ कॅरोलिनात २.४ टक्के. पण तुमचा आक्षेप इथेही लागू, नॉर्थ कॅरोलिनात कायद्याच्या आधीही युनियन कुठे मोठी होती. म्हणून मिशिगन बघायचं. ते कारवाल्यांचं, युनियनवाल्यांचं राज्य, आणि तिथे २०१२ च्या डिसेंबरमध्ये कायदा आला. त्या वर्षी सभासद १६.६ टक्के होते, २०२३ मध्ये १२.८. तेवढ्याच काळात देशाचा आकडा ११.३ वरून १० वर आला, म्हणजे घसरण सगळीकडेच होती पण मिशिगनमध्ये जास्त वेगाने. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या हवाईशी तुलना करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

विस्कॉन्सिनचं उदाहरण लोक नेहमी देतात, तिथे १४ टक्क्यांवरून काही वर्षांतच आकडा ८ च्या आसपास आला. पण तिथे राइट टू वर्क आलं २०१५ मध्ये आणि त्याच्या आधी २०११ ला ॲक्ट १० आला होता, सरकारी नोकरांच्या युनियनची कंबर मोडणारा. पगारातून वर्गणी परस्पर कापून घेणं बंद, दरवर्षी पुन्हा मतदान घेऊन मान्यता टिकवायची, आणि बोलणी करायची ती फक्त मूळ पगारावर, तीही महागाईच्या मर्यादेत. त्यामुळे विस्कॉन्सिनची घसरण सगळी राइट टू वर्कच्या खात्यावर टाकणं चुकीचं आहे, जो टाकेल त्याचं बाकीचं लिखाणही जरा जपून वाचावं.

आता पगार. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ही कामगारांच्या बाजूला झुकणारी संस्था. तिने २०१५ मध्ये शिक्षण, वय, वंश, उद्योग, राहणीमानाचा खर्च हे सगळं धरून हिशेब केला तर राइट टू वर्क राज्यांत पगार ३.१ टक्के कमी निघाला, पूर्णवेळ कामगाराला वर्षाला दीड हजार डॉलरचा फरक. विरुद्ध बाजूच्या हेरिटेज फाउंडेशनचं म्हणणं, राहणीमानाचा खर्च नीट धरा, खाजगी क्षेत्रात फरक उरतच नाही. दोघांचीही अडचण तीच, टेक्सास आणि न्यूयॉर्कमध्ये कायद्याशिवायही शंभर गोष्टी वेगळ्या आहेत.

म्हणून मला फोर्टिन, लेमिय आणि लॉइड यांचं २०२२ चं काम जास्त पटतं. त्यांनी २०११ नंतर कायदा आणलेली पाच राज्यं घेतली, इंडियाना, मिशिगन, विस्कॉन्सिन, वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी, आणि कायद्याच्या आधी आणि नंतर काय झालं ते पाहिलं, शिवाय ज्या उद्योगांत युनियन दाट होती आणि ज्यांत विरळ होती त्यांची तुलना केली. पाच वर्षांत युनियन साधारण ४ टक्के बिंदूंनी खाली आणि पगार सरासरी १ टक्क्याच्या आसपास खाली. सरासरी १ टक्का म्हणजे किरकोळ वाटतं, पण ही सरासरी ज्या दुकानात कधी युनियन नव्हती तिथल्या कॅशियरलाही धरून आहे, बांधकाम, शिक्षण अशा युनियन असलेल्या क्षेत्रांत मार जास्त.

आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. युनियन नसलेल्या कंपन्याही युनियनच्या धाकाने पगार वाढवतात. २०२३ च्या शरद ऋतूत युनायटेड ऑटो वर्कर्सने जीएम, फोर्ड आणि स्टेलॅंटिसमध्ये संप करून कराराच्या काळासाठी २५ टक्के वाढ मिळवली, आणि पाठोपाठ काही आठवड्यांतच होंडाने ११ टक्के जाहीर केले, ह्युंदाईने २०२८ पर्यंत २५ टक्के, टोयोटानेही वाढ दिली. यांच्या अमेरिकेतल्या कारखान्यांत ती युनियनच नाही! अलाबामातल्या ह्युंदाईच्या कामगाराने वर्गणी भरली नाही, संप केला नाही, संपाच्या काळात एक दिवसाचा पगार बुडवला नाही, आणि वाढ मिळाली. कायद्याने युनियन पातळ झाली की हा धाकही पातळ होतो, आणि हे नुकसान कुठल्याच पगारपत्रकावर वेगळं दिसत नाही.

कारखाने येतात का, हेही तुम्ही मेलच्या शेवटी विचारलंय. थॉमस होम्सने १९९८ मध्ये राज्यांच्या सीमेलगतचे जिल्हे तपासले होते, राइट टू वर्कच्या बाजूला कारखानदारीचा वाटा साधारण एक तृतीयांशाने जास्त. पण त्याने स्वतःच स्पष्ट लिहिलंय की हा परिणाम उद्योगांना सवलती देणाऱ्या एकूण धोरणांचा आहे, एकट्या या कायद्याचा म्हणून सांगता येत नाही. राजकारणी पहिलं वाक्य सांगतात, दुसरं सोयीस्कर विसरतात.

आम्ही डेट्रॉइटजवळ असतो. बायको एका पार्ट्स कंपनीत क्वालिटीला आहे, युनियन आहे पण ती सभासद नाही. कायदा रद्द झाला म्हणजे आता तिला पैसे भरावेच लागतील?

आपोआप नाही. रद्दचा कायदा १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला, त्याने सक्तीच्या वर्गणीचं कलम करारात घालायची परवानगी परत दिली, कलम आपसूक घातलं नाही. तिच्या कंपनीच्या सध्याच्या करारात तसं कलम आहे का ते बघा, नसेल तर पुढच्या करारात येऊ शकतं. आलं तरी सभासद होणं बंधनकारक नाही, फक्त प्रतिनिधित्वाचा खर्च द्यायचा पर्याय तिला असतो, १९८८ च्या बेक निकालामुळे. आणि ती सरकारी शाळेत वगैरे असती तर वर सांगितलेल्या जॅनसमुळे काहीच द्यावं लागलं नसतं.

तसं पाहिलं तर जवळपास साठ वर्षांत असा कायदा मागे घेणारं मिशिगन पहिलंच राज्य. त्याआधी मिझुरीच्या विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा केला होता पण लोकांनी सह्या गोळा करून २०१८ च्या ऑगस्टमध्ये सार्वमत लावलं आणि तीनातल्या दोन मतदारांनी तो फेटाळला, लागू व्हायच्या आधीच गेला.

चाकणहून लिहितोय. आमच्याकडे मान्यताप्राप्त युनियन आहे. वर्गणी निम्मेच लोक भरतात, करार आला की पेढे मात्र सगळे खातात. तुमचं अमेरिकेचं सगळं वाचलं, पण आमचं तर आधीपासून राइट टू वर्कच आहे की! तिथल्या युनियन यावर करतात काय?

बरोबर ओळखलंत. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात ३० टक्के सभासद असले की मान्यता मागता येते, करार सगळ्यांना लागू, आणि वर्गणीची सक्ती कुणावरच नाही. तुम्ही रोज जे भोगताय त्यावर टेक्सासमध्ये ऐंशी वर्षं भांडण चाललंय.

तिथल्या बहुतेक युनियन रडतात आणि आकसतात, हे आधी सांगतो. पण लास व्हेगासची कलिनरी युनियन, लोकल २२६, ही बघा. नेवाडा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून राइट टू वर्क, तरी तिच्यात सुमारे ६०,००० माणसं, हॉटेलांतल्या खोल्या साफ करणाऱ्या बायका, वेटर, स्वयंपाकी, बहुतेक बाहेरून आलेले, कुणाला इंग्रजी धड येत नाही. तिथे वर्गणी कागदावर ऐच्छिकच आहे. पण नवीन माणूस कामाला लागला की त्याच्याच डिपार्टमेंटमधला, त्याच्याच भाषेत बोलणारा कमिटीवाला त्याच्याकडे जातो, निवडणुकीला किंवा कराराच्या तोंडावर नव्हे, पहिल्या आठवड्यातच. एका शिफ्टमध्ये किती खोल्या, कुठली गादी जड, कुठला सुपरवायझर ब्रेक खातो, बोलणं यावर. आरोग्य विमा युनियन आणि मालक मिळून चालवतात, वेटरचं आणि स्वयंपाकाचं शिक्षण देणारी अकॅडमी आहे. फ्रंटियर हॉटेलवर यांनी १९९१ ते १९९८ असा सहा वर्षांहून जास्त संप चालवला, साडेपाचशे कामगार, एकही फुटून आत गेला नाही. २०२३ मध्ये संपाची तारीख जाहीर करताच मोठ्या कॅसिनोंनी पाच वर्षांत साधारण ३२ टक्के वाढ मान्य केली, संप करावाच लागला नाही, आणि खोल्यांची रोज सफाई झालीच पाहिजे हेही करारात घालून घेतलं, कारण तीन दिवसांनी उघडलेली खोली साफ करताना त्या बायकांचीच कंबर जाते.

टेनेसीतल्या फोक्सवॅगनमध्ये युनियन २०१४ ला हरली, २०१९ ला हरली, २०२४ ला २,६२८ विरुद्ध ९८५ मतांनी जिंकली. कायदा तिन्ही वेळा तोच होता. म्हणून कायद्याचा मार खरा आहे असं मी म्हणतो पण सगळा दोष कायद्यावर टाकणाऱ्या पुढाऱ्यांचं मला फारसं कौतुक नाही.

तुमच्यासाठी एवढंच, करारानंतर फरकाच्या रकमेतून युनियन फंड कापायची आपल्याकडे पद्धत आहे ती तुमच्याकडेही असेल, पण त्यासाठी प्रत्येक कामगाराची लेखी संमती घ्या, सरसकट यादी देऊन मॅनेजमेंटला कापायला सांगू नका. आणि ती सही मागायला करार झाल्यावर जाऊ नका, मागण्यांचा मसुदा करतानाच जा, तेव्हा माणूस ऐकायच्या मूडमध्ये असतो.